दुप्पट पायऱ्या

३ नोव्हेंबर

पोचले. विश्रामगृहातल्या जेवणाच्या टेबलाला बारा खुर्च्या आहेत. मी एकीवर बसले, उरलेल्या अकरा जणींनी मला जेवताना पाहिलं.

कामाची नोंद आधी करून ठेवते, म्हणजे पुढे रडगाणं सुरू झालं तरी मूळ मुद्दा सापडेल. बावीस वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात मी लोकांच्या टोप्या उडवल्या. जूनमध्ये संपादकांनी माझी उडवली. म्हणाले, "वाचकांना आता हलकंफुलकं हवंय." मी इतकी वर्षं तेच लिहितेय असा माझा समज होता. त्यानंतर पाच महिन्यांत चालून आलेलं हे एकच काम: पर्यटन कार्यालयाची एक जुनी मार्गदर्शिका सुधारून द्यायची. 'दुर्गम भागातील प्रेक्षणीय वास्तू', पानं एकशे चार, पहिली आणि आजवरची शेवटची आवृत्ती बेचाळीस वर्षांपूर्वीची. लेखक, माझे बाबा.

कार्यालयातल्या साहेबांना हे मी सांगितलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा वशिला लावणं बरं दिसत नाही.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. "मॅडम, पुस्तक चांगलं आहे, पण त्यात पायऱ्याच पायऱ्या आहेत. आणि त्यासुद्धा चुकीच्या. लोक वर जाऊन येतात आणि तक्रार करतात, निम्म्याच निघाल्या म्हणून."

"कमी निघाल्या तर तक्रार कसली?"

"अहो, आकडा बघूनच निम्मे लोक गाडीतून उतरत नाहीत! दोनशे बारा पायऱ्या वाचल्यावर कोण चढेल? खरे आकडे टाका, ते 'इथे टेकावे, तिथे टेकावे' काढा, जरा आकर्षक करा. पंधरा तारखेला छापायला जायचंय."

बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचं घरातलं बोलणं सिमेंटसारखं, मोजून घातलेलं आणि लगेच घट्ट होणारं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. पुढे मी आठ वर्षांची झाल्यापासून चार वर्षं, दर सुट्टीत मला आत्याकडे सोडून ते या भागात यायचे आणि या पुस्तकासाठी हिंडायचे. मला एकदाही आणलं नाही. मीही विचारलं नाही, कारण ठाऊक होतं. मी तीन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. लंगडी पोर सोबत घेऊन चार गावांतून कोण मिरवेल?

४ नोव्हेंबर

कार्यालयाने दिलेली गाडी चढावर खोकते. ड्रायव्हर मात्र अठ्ठावन्न वर्षांचा असून बोकडासारखा चढतो. त्यामुळे आमची कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. तो वर जाऊन मोजतो, मी खाली गाडीत बसून लिहिते. इतिहासाचं संशोधन बहुधा असंच होत आलं असावं.

आज घाटमाथ्यावरचं जकातघर. बाबा लिहितात: 'पायऱ्या ७६. कठडा डाव्या हाताला. चाळिसाव्या पायरीला सज्जा, तेथे टेकावे. वर पोचण्यास पंचवीस मिनिटे.' ते कोणी बांधलं, का बांधलं याला दोन ओळी. जिन्याला अकरा.

ड्रायव्हर चार मिनिटांत वर जाऊन आला. त्यात सिगारेटही झाली.

"अडतीस, ताई."

"नीट मोजल्यात?"

"त्यात नीट काय मोजायचं? पायरी असते नाहीतर नसते."

शहात्तरवर काट, अडतीस. बाबांच्या अक्षरात कधी खाडाखोड नसायची. मुलीने केली. बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

५ नोव्हेंबर

धान्यकोठार. पुस्तकात अठ्ठावन्न, ड्रायव्हरच्या मते एकोणतीस. आता गंमत वाटायला लागली आहे. संध्याकाळी पुस्तकातले सगळे आकडे एका कागदावर उतरवले. एकूण एक सम. बाबांना विषम आकड्यांचं वावडं होतं की काय कोण जाणे.

कोठाराबद्दलची सूचना तर जपून ठेवण्यासारखी: 'उतरताना जिन्याने उतरू नये. कठडा उजव्या हाताला येतो. मागील उतारावरून सावकाश यावे.' कठडा उजव्या हाताला आला तर चावतो का? एवढ्या मोठ्या दगडी कोठारात या माणसाला दिसला तो कठडा!

काठी उजव्या हातात, वही डाव्या बगलेत, अशी मी तळमजल्यावर एक फेरी मारली. भिंती दोन हात जाड. आत कोणी खोकलं तरी बाहेर कळणार नाही. राहायला चांगली जागा आहे, माझ्या घरापेक्षा फार वेगळी नाही.

६ नोव्हेंबर

जुना तुरुंग. तळघरात उतरायच्या पायऱ्या बाबांच्या छत्तीस, ड्रायव्हरच्या अठरा. राखणदार ऐंशीच्या घरातला, पण तोंडाचा पट्टा विशीतला. मी पुस्तक दाखवलं तर लगेच ओळखलं.

"हे तर लंगड्या साहेबांचं पुस्तक!"

"कोणाच्या?"

"ओव्हरसियर साहेब होते ना, पातळसे, चष्मा लावायचे. एका पायाने अधू. काय जीव खायचे हो जिन्यावर! उजवा टाकायचा, डावा ओढून शेजारी आणायचा. मग परत उजवा. पोरं हसायची मागून. साहेब आपले मोजतायत."

"ते लंगडे नव्हते," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने माझ्या पायाकडे, मग काठीकडे पाहिलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाला, "असेल बाई. पण मी डोळ्यांनी बघितलंय."

बेचाळीस वर्षांनी माणसं एकमेकांत मिसळतात, हे समजू शकते. समोर लंगडी बाई उभी, हातात पुस्तक. लावला त्याने पाय लेखकाला. ड्रायव्हर गाडीत हसला नाही म्हणून मीच हसले.

७ नोव्हेंबर

गाडी दुरुस्तीला. दिवसभरात माझ्याशी फक्त विश्रामगृहाचा आचारी बोलला. "मीठ कमी झालं का?" मी हो म्हटलं, म्हणजे संभाषण वाढेल. त्याने मीठ आणून ठेवलं आणि गेला.

बसल्या बसल्या जुनी गोष्ट आठवली. मुलाखतीत मी ती नेहमी सांगायचे, मुलाखती व्हायच्या तेव्हा. मी बारा वर्षांची. बाबांचं हे पुस्तक छापून आलं. आत्याच्या स्वयंपाकघरात सगळे जेवत होतो. बाबांनी पुस्तक माझ्या ताटाशेजारी ठेवलं, म्हणाले, "यातलं एखादं बघायचं का?"

मी म्हटलं, "छापलंय की, बघितलं. दगडांनाही पाय नाहीत, मलाही नाहीत. कोण कोणाकडे जाणार?"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला, पाठ चोळावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्यावर कोणी तरी असं हसलं होतं. त्या दिवशी मला माझा धंदा सापडला. बाबाही हसले असावेत. त्यांनी पुस्तकाला लागलेला ओल्या बोटाचा डाग पुसला आणि ते कपाटात ठेवून दिलं.

८ नोव्हेंबर

आज बाबांचा एक आकडा बरोबर निघाला!

ओढ्याकाठी पाणचक्की आहे. तिथे पोचता पोचता चाक बसलं. ड्रायव्हर ते सोडवून, कोणाच्या तरी टेंपोत घालून पंक्चर काढायला गेला. मी एकटी. दोन तास गाडीत बसून ओढा ऐकला, मग कंटाळून आत गेले. वरच्या मजल्याला वळणाचा अंधारा जिना आहे. म्हटलं, चढून तर बघू. लहानपणापासून जिना चढताना मी मनात आकडे म्हणते, दुखणं जरा मागे राहतं. उजवा वर, डावा त्याच्या शेजारी. उजवा वर, डावा शेजारी. वर पोचले तेव्हा सव्वीस झाले होते. पुस्तक उघडलं. 'पाणचक्की. पायऱ्या २६.'

मला इतका आनंद का व्हावा, कळेना. अंधारात एकटीच "शाब्बास बाबा" म्हणाले. पाण्याचा आवाज मोठा होता, कोणी ऐकलं नसेल. पुस्तकात बरोबरची खूण केली, चांगली ठळक. मग खाली येऊन बसले. पाय थरथरत होता, पण तो त्याचा नेहमीचा स्वभाव आहे.

९ नोव्हेंबर

ड्रायव्हरला सांगितलं, पाणचक्कीचं झालंय, सव्वीस, पुस्तकात बरोबर आहे. हा गृहस्थ पुन्हा मोजायला गेला. कामाशी इतकी निष्ठा बरी नव्हे.

"तेरा, ताई."

"सव्वीस."

"तेरा आहेत हो."

"भाऊ, मी काल स्वतः चढलेय."

"मीही आत्ता स्वतःच चढलो. उतरतानाही मोजल्या, वाढतात का बघायला. तेराच."

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, चला मागून, मी मोठ्याने मोजते. चढले. प्रत्येक आकडा त्याच्या कानात घातला. सव्वीस म्हणून जिंकल्याच्या थाटात वळले, तर हा तीन पायऱ्या खाली उभा. टोपी हातात. माझ्या पायांकडे बघत होता, पण लोक बघतात तसा नव्हे.

"काय झालं?"

"बरोबर आहे, ताई. तुमच्या सव्वीसच आहेत."

"माझ्या म्हणजे?"

"तुमच्या म्हणजे तुमच्या," म्हणाला आणि उतरून गेला.

रस्ताभर गाडी अशी चालवली जशी मागे काचसामान आहे. विश्रामगृहाशी मला उतरवताना म्हणाला, "जकातघराच्याही शहात्तरच भरतील. तुम्ही चढलात तर."

"काय ते सरळ सांगा ना."

"तुरुंगातला म्हातारा काय म्हणाला, ते आठवा. मी काय सांगू?"

आठवलं. आठवून तास होऊन गेला. मी यावर विश्वास ठेवणार नाही. लोकांच्या हेतूंवर संशय घेऊन मी बावीस वर्षं पोट भरलं, एका दिवसात धंदा बदलता येत नाही. योगायोग असेल. ओव्हरसियरची जिना मोजायची काही पद्धत असेल. जाताना एकदा, येताना एकदा, दोन्ही मिळवून.

पण मग पंचवीस मिनिटं कशी?

१० नोव्हेंबर

आत्याला फोन केला. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमची गुपितंही शेजारीपाजारी ऐकतात.

"आत्या, बाबा जिना कसे चढायचे?"

"पायांनी!"

"तसं नाही गं. पुस्तकाचं काम चालू होतं तेव्हा."

"हां, तेव्हा! तेव्हा वेडच लागलं होतं त्याला. आला की माझ्या माडीवर चढ-उतर, चढ-उतर. एक पाय ओढत. मी विचारलं, गुडघा धरलाय का रे? तर म्हणे, सराव करतोय. तू शेजारून यायच्या आत उरकायचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं फोन कट झाला.

"आहेस का?"

"आहे. मग मला नेलं का नाही त्यांनी?"

"अगं, विचारलं होतं की त्याने! तूच नाही म्हणालीस. काय म्हणालीस बाई ते, दगडांना पाय नाहीत, मला पाय नाहीत..." आणि आत्याला हसू आवरेना. बेचाळीस वर्षांनी, तितक्याच जोरात. ठसकासुद्धा तोच.

या वाक्यावर कोणी हसलं की मीही सोबत हसते, ती माझी सवय आहे. आज जमलं नाही.

११ नोव्हेंबर

आता एक मनोराच राहिलाय, दोनशे बारा पायऱ्यांचा. गेले नाही.

१२ नोव्हेंबर

ड्रायव्हरला सांगितलं, पाय दुखतोय. दुखत नव्हता. तो म्हणाला, "मनोरा कुठे पळून जात नाही," आणि तरी दिवसभर गाडी घेऊन फाटकापाशी बसून राहिला.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, आकडे पाठवताय ना? एक मनोराच राहिलाय म्हणे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, मी मोजला नाही."

"मोजायचाय," मी म्हटलं.

दुपारी पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं, मी कुठे कुठे काट मारली ते बघत. 'येथे पायरी उंच, घाई नको.' काट. 'पिण्याचे पाणी खालीच प्यावे, वर हात मोकळे राहत नाहीत.' काट, आणि समासात माझी मल्लिनाथी: 'का? वर टाळ्या वाजवायच्या आहेत?' काय पण विनोद सुचतात मला.

१३ नोव्हेंबर

मनोरा. पायऱ्या दोनशे बारा.

पोचलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मी येऊ मागून?"

"नको."

"मग मी खाली उभा राहतो. मधूनमधून आवाज द्या."

"पडले की देईन."

"पडल्यावर मला आपोआप कळेल. त्याच्या आधी द्या."

काठी उजव्या हातात, डावा हात कठड्यावर. कठडा अर्थातच डाव्या हाताला. पुस्तक पिशवीत होतं, पण ते पान पाठ झालंय. 'पन्नासाव्या पायरीला कोनाडा, टेकण्याजोगा.' मला चाळीसलाच धाप लागली. बाबांचा दोष नाही, त्यांचं गणित बारा वर्षांच्या मुलीसाठी होतं. पन्नासला कोनाडा आला. दगड मधोमध खोलगट होता. टेकले. तिथून ड्रायव्हरची टोपी दिसत होती.

'नव्वदनंतर दगड गुळगुळीत. डावे पाऊल पूर्ण ठेवावे.' ठेवलं. आजवर मला हजार जणांनी जपून चाल म्हणून सांगितलं असेल. डाव्या पावलाचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

'एकशे साठला खिडकी. वारा येतो. थोडे थांबावे.' हे वाक्य मी पहिल्याच दिवशी गाडीत बसून खोडलं होतं, आकर्षक नाही म्हणून. थांबले. वारा आला. खिडकीत उभी राहून मी चौतीस-पस्तीस वर्षांच्या, चष्मा लावलेल्या एका ओव्हरसियरचा विचार केला. धडधाकट पाय ओढत तो या जिन्यावर आकडे म्हणतोय आणि खाली पोरं हसतायत. तो चार वर्षं लोकांना हसू देत राहिला. एका पोरीच्या हसवण्यापुढे मात्र त्याने हात टेकले. पुन्हा विचारलं असतं बाबांनी तर? तर मी पुन्हा तेच म्हटलं असतं, अजून नेटकं करून. माझा स्वभाव मला माहीत आहे.

दोनशे अकरा उजवा. दोनशे बारा डावा. पायऱ्या संपल्या.

'वर दगडी बाक आहे. दोघांना पुरेल. उतरण्याची घाई करू नये.'

बाक आहे. बाकीच्या गच्चीवर कबुतरांची बेचाळीस वर्षांची घाण, बाक तेवढा पुसलेला. ओला फडका कठड्यावर वाळत होता. ड्रायव्हर काल दिवसभर फाटकापाशी बसून होता, मग आज पहाटेच येऊन गेला असणार.

"ताई, किती?" खालून हाक आली.

"दोनशे बारा!"

खालून, "बरोबर!"

बाकाच्या एका टोकाला बसले. तिथून जकातघर दिसतं, कोठाराचं छप्पर दिसतं, ओढ्याच्या वळणावरून पाणचक्कीही ओळखता येते. चांगला प्रदेश आहे. काठी ठेवायला दुसरं टोक मोकळं होतं, पण मी ती मांडीवरच घेतली. बराच वेळ बसले. एकदोन वाक्यं सुचली, चांगली टोकदार. कोणाला ऐकवायची नव्हती, तशीच जाऊ दिली.

१५ नोव्हेंबर

काल दिवसभर रबर घेऊन मी मारलेली काट न काट पुसली. पेन्सिल गेली, कागदावर दाबल्याचे वळ राहिले. आज सकाळी पुस्तक साहेबांना पाठवलं, दुपारी त्यांचा फोन.

"मॅडम, हे काय? तुम्ही तर सगळे जुनेच आकडे ठेवलेत!"

"ते बरोबर आहेत."

"अहो, चुकीचे आहेत असं तुम्हीच आठ दिवसांपूर्वी कळवलंत!"

"मोजणाऱ्याची चूक झाली."

"कोणाची, ड्रायव्हरची?"

"नाही, माझी. मी गाडीत बसून मोजत होते."

साहेब भला माणूस आहे, पण त्याला पंधरा तारीख होती. म्हणाला, टेकायच्या जागा राहू देत, म्हाताऱ्या लोकांना बऱ्या पडतील. पण दोनशे बारा वाचून माणसं परत जातात त्याचं काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, सुरुवातीला एक टीप घालू. सांगा, म्हणाला, लिहून घेतो.

मी सांगितली. त्याने लिहून घेतली, वाचून दाखवली. हसला नाही. विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

'सूचना: पुस्तकातील पायऱ्या पावलांनी मोजलेल्या आहेत. ज्यांना एका पायरीला एकच पाऊल लागते, त्यांनी आकडा निम्मा करून घ्यावा.'